टाइप ही कंपायलरची नोंदवही: छोट्या सी कंपायलरमध्ये टाइप बसवताना

मेमरीतले ४ बाइट घ्या: २२४, १६४, १३३, ०. अक्षरं म्हणून वाचले तर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत मांडण्याची पद्धत) मध्ये हे ‘अ’ आणि त्यामागे स्ट्रिंग संपवणारं शून्य आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर इंट (पूर्णांक) म्हणून वाचले तर ८७५८४९६. फ्लोट (दशांश संख्या) म्हणून वाचले तर शून्याला जवळजवळ चिकटलेली एक संख्या. मेमरीला यातलं काहीही ठाऊक नसतं. कोणतं वाचन खरं हे कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या सूचनांत उतरवणारा प्रोग्राम) ठरवतो, आणि ते ठरवण्यासाठी तो प्रत्येक टाइपची, म्हणजे बाइट कशा प्रकारे वाचायचे याची, एक नोंद ठेवतो. कोड तयार झाला की नोंद गळून पडते. मागे उरते फक्त कोणती सूचना निवडली एवढी खूण.

हे सगळ्या भाषांत असंच चालतं असं नाही. पायथनमध्ये टाइप वस्तूच्या सोबत फिरतो, म्हणून ६४-बिट सीपायथनमध्ये १ ही एवढीशी संख्या २८ बाइट अडवते. सीमध्ये तिला ४ पुरतात. सीला टाइप मिळाले तेही हार्डवेअरमुळे. बेल लॅब्जमधल्या बी भाषेत टाइप नव्हतेच, प्रत्येक गोष्ट म्हणजे एक वर्ड (यंत्राच्या ठरावीक आकाराचा तुकडा). पीडीपी-११ या संगणकावर एकेका बाइटला स्वतंत्र पत्ता आला आणि तिथे ही सोय तोकडी पडू लागली. १९७१ मध्ये डेनिस रिची यांनी बीमध्ये कॅरॅक्टर टाइप घालायला घेतला, आणि त्यातूनच पुढे सी झाली.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांनी बेरीज-गुणाकार करणारा, चल ओळखणारा छोटा कंपायलर लिहून पाहिला आहे आणि आता त्यात टाइप घालायचे आहेत. यंत्र ६४-बिट इंटेल किंवा एएमडी, लिनक्स, आणि पडताळणीला जीसीसी किंवा क्लँग हे तयार सी कंपायलर. उदाहरणांत सीचे शब्द देवनागरीत लिहिले आहेत (इंट, कॅर, साइझऑफ वगैरे). चालवून पाहताना ते मूळ रूपात टाइप करा.

पायरी १: आकडे एका जागी आणा

सर्वात आधी लक्ष्य यंत्राचा तक्ता. लिनक्सच्या ६४-बिट यंत्रावर साइझ अशा:

कॅर १, शॉर्ट २, इंट ४, लाँग ८, लाँग लाँग ८, फ्लोट ४, डबल ८, पॉइंटर ८, लाँग डबल १६ (त्यातले वापरात १०).

यांपैकी एकही आकडा कोडात इतरत्र लिहू नका. ६४-बिट विंडोजवर लाँग ४ बाइटचा असतो आणि पॉइंटर मात्र ८ चा. ‘लाँग म्हणजे पॉइंटर मावेल एवढा’ हे लिनक्सवर अंगवळणी पडलेलं गृहीतक तिथे कोसळतं.

तक्त्यात साइझ आणि अलाइनमेंट (पत्ता कोणत्या आकड्याच्या पटीत हवा तो आकडा) हे दोन वेगळे रकाने ठेवा, जरी बहुतेक ओळींत तोच आकडा दोनदा येत असला तरी. ३२-बिट लिनक्सवर डबल ८ बाइटचा असतो, पण स्ट्रक्टमध्ये (अनेक सदस्यांचा एकत्र बांधलेला टाइप) त्याची अलाइनमेंट ४ धरली जाते. साइझवरून अलाइनमेंट काढणारा कंपायलर तिथे इतर कंपायलरनी बनवलेल्या लायब्ररीशी बोलू शकत नाही. दोघांच्या मते एकाच सदस्याचा पत्ता वेगळा निघतो, आणि एररही येत नाही.

पायरी २: नोंद कशी असावी

टाइपची नोंद म्हणजे कंपायलरच्या आतला एक साधा स्ट्रक्ट:

टाइप {
  प्रकार (कॅर, इंट, पॉइंटर, अ‍ॅरे, स्ट्रक्ट, फंक्शन …)
  साइझ (माहीत नसेल तर −१)
  अलाइनमेंट
  अनसाइन्ड (ऋण किमती नसलेला; ऋण किमती असलेला तो साइन्ड) आहे का
  मूळ टाइप (पॉइंटर कशाचा, अ‍ॅरे कशाचा)
  घटकसंख्या
  सदस्यांची यादी
  पॅरामीटरची यादी, परत येणारा टाइप
}

चलाचं नाव यात नसतं. नवशिके ‘इंट वय’ मधलं ‘वय’ टाइपमध्येच ठेवून देतात, कारण पार्सिंग करताना ते तिथे हाताशी असतं. मग ‘इंट अ, ब’ लिहिलं की दोघांचा टाइप एकच नोंद असते आणि ‘ब’ येऊन ‘अ’ला पुसून टाकतो. नाव सिंबल टेबलात (नावांच्या तक्त्यात), टाइप नोंदीत.

इंट, कॅर, लाँग अशा मूळ टाइपांची प्रत्येकी एकच नोंद सुरुवातीला तयार करा आणि सगळीकडे तिचाच पत्ता वापरा. पॉइंटरसाठीही तेच: प्रत्येक नोंदीत ‘माझा पॉइंटर’ असा एक कप्पा ठेवा. ‘इंटचा पॉइंटर’ पहिल्यांदा लागला की बनवा आणि कप्प्यात ठेवा. दुसऱ्यांदा लागला की तोच द्या. मग दोन पॉइंटर टाइप एकच आहेत का, हे नुसते पत्ते ताडून कळतं.

स्ट्रक्टची गोष्ट निराळी. एकाच फाइलमध्ये दोन वेगळ्या नावांचे, पण आतून तंतोतंत सारखे स्ट्रक्ट हे सीच्या दृष्टीने दोन वेगळे टाइप. सदस्य ताडत बसू नका. नोंदीचा पत्ता वेगळा म्हणजे टाइप वेगळा. उलट टाइपडेफ नवा टाइप बनवत नाही, फक्त जुन्याला दुसरं नाव देतो, त्यामुळे त्यासाठी नवी नोंद नको. एक गोष्ट मात्र खरी की एरर दाखवताना वापरणाऱ्याने लिहिलेलं नाव दाखवलं तर त्याचा जीव वाचतो. क्लँग यासाठी दोन्ही रूपं सांभाळतो: लिहिलेलं रूप संदेशापुरतं, आणि त्यामागचं मूळ रूप तुलनेसाठी.

कॉन्स्ट आणि व्होलाटाइल या टाइपच्या विशेषणांसाठी वेगळी नोंद करायचा मोह होतो, आणि टाइपांची संख्या लगेच दुप्पट-चौपट होते. क्लँगची युक्ती उचलण्यासारखी आहे. त्याच्या टाइप-नोंदी १६ बाइटच्या सीमेवर ठेवलेल्या असतात, म्हणून त्यांच्या पत्त्याचे खालचे बिट नेहमी शून्य. त्या रिकाम्या बिटांतच कॉन्स्ट, व्होलाटाइल आणि रिस्ट्रिक्ट यांच्या खुणा बसतात. सुरुवातीला तुम्ही पत्ता आणि खुणा अशी साधी जोडी वापरलीत तरी पुरे.

पायरी ३: जाहीर केलेलं वाचणं

इथे बहुतेकांचा आठवडा जातो. कारण सीमध्ये टाइप डावीकडून उजवीकडे लिहिलेला नसतो. तो नावाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो.

इंट *प[३], म्हणजे ३ पॉइंटरांचा अ‍ॅरे, साइझ २४
इंट (*प)[३], म्हणजे ३ इंटांच्या अ‍ॅरेचा एक पॉइंटर, साइझ ८

क्रम असा ठेवा. आधी मूळ टाइप वाचा (इंट). मग जितके तारे दिसतील तितक्या वेळा पॉइंटरमध्ये गुंडाळा. मग नाव. मग नावामागचा भाग: चौकटी कंस असेल तर अ‍ॅरे, गोल कंस असेल तर फंक्शन.

नावामागचा भाग लूपने नाही, रिकर्शनने वाचा. ‘इंट म[२][३]’ म्हणजे २ घटकांचा अ‍ॅरे, ज्याचा प्रत्येक घटक ३ इंटांचा अ‍ॅरे. म्हणजे [२] दिसला की थांबायचं, आधी उरलेला [३] इंटवर चढवायचा, आणि आलेल्या टाइपभोवती २ चा अ‍ॅरे गुंडाळायचा. डावीकडून उजवीकडे सरळ गुंडाळत गेलात तर ३ घटकांचा अ‍ॅरे, प्रत्येकात २ इंट, असं उलटं होतं. आणि ही चूक लबाड आहे: एकूण साइझ दोन्हीकडे २४ च येते, त्यामुळे साइझऑफची चाचणी बिनबोभाट पास होते. म[१] चा पत्ता तपासा. तो सुरुवातीपासून १२ बाइटांवर हवा. ८ आला तर क्रम उलटा झाला आहे.

गोल कंसात नाव असेल तर अडचण अशी, की आतलं वाचताना बाहेरचा शेपटीचा भाग अजून पाहिलेलाच नसतो. दोन मार्ग आहेत. पहिला: एक तात्पुरती रिकामी नोंद करायची, आतलं सगळं तिच्याभोवती गुंडाळायचं, आणि मग बाहेरची शेपटी वाचून ती नोंद भरायची. दुसरा: जुळणाऱ्या कंसापर्यंत टोकन नुसतेच ओलांडायचे, शेपटी वाचून पक्का टाइप तयार करायचा, आणि मग मागे येऊन आतला भाग त्या टाइपवर वाचायचा. दुसरा मार्गच घ्या. पहिल्यात ‘इंट (म[२])[३]’ असं आलं तर आतला २ चा अ‍ॅरे रिकाम्या नोंदीची साइझ धरून आपली साइझ शून्य काढून बसतो आणि नंतर ती कोणी दुरुस्त करत नाही. लोक असं लिहीत नाहीत हे खरं, पण मॅक्रो लिहितात.

आणखी एक खाच: ‘क * ख;’ हा गुणाकार की ‘क’ टाइपचा पॉइंटर ‘ख’? व्याकरणावरून सांगता येत नाही. ‘क’ टाइपडेफ आहे का, हे सिंबल टेबलला विचारावं लागतं, आणि तेही चालू स्कोपमधलं. आतल्या ब्लॉकमध्ये ‘क’ नावाचा साधा चल आला असेल तर तिथे तो टाइप राहत नाही.

पायरी ४: स्ट्रक्टची मांडणी

सूत्र एकच आहे. पुढच्या सदस्याची जागा त्याच्या अलाइनमेंटच्या पुढच्या पटीपर्यंत सरकवायची:

जागा = (जागा + अलाइनमेंट − १) / अलाइनमेंट × अलाइनमेंट (पूर्णांक भागाकार)

कॅर, इंट, कॅर, डबल या क्रमाने सदस्य असतील तर जागा ०, ४, ८, १६ आणि एकूण साइझ २४. हेच डबल, इंट, कॅर, कॅर असे लावले तर ०, ८, १२, १३, म्हणजे १४ बाइट, शेवटी १६. शेवटचे २ बाइट कशासाठी? या स्ट्रक्टचा अ‍ॅरे केला तर दुसऱ्या घटकातला डबल ८ च्या पटीत यायला हवा म्हणून. स्ट्रक्टची अलाइनमेंट म्हणजे सदस्यांमधली सर्वात मोठी, आणि एकूण साइझ तिच्या पटीत वाढवायची. शेपटीचं हे पॅडिंग विसरलात तर एकटा स्ट्रक्ट बरोबर चालतो आणि त्याचा अ‍ॅरे बिघडतो.

जागा वाचवण्यासाठी सदस्यांचा क्रम कंपायलरने स्वतः बदलायचा नाही. सीचा नियम आहे की सदस्य लिहिलेल्या क्रमानेच वाढत्या पत्त्यांवर येतात. युनियनमध्ये सगळ्यांची जागा ०, साइझ सर्वात मोठ्याची, वर पटीत वाढवलेली.

स्वतःकडे बोट दाखवणारा स्ट्रक्ट (लिंक्ड लिस्टचा नोड) आला की क्रम महत्त्वाचा. कंस उघडण्यापूर्वीच त्या नावाची नोंद साइझ −१ ठेवून टेबलात टाका. आत ‘पुढचा नोड’ हा पॉइंटर आला की त्याला तीच नोंद मिळेल. पॉइंटरची साइझ ८ ठरलेली असल्याने काही अडत नाही. कंस बंद झाल्यावर त्याच नोंदीत सदस्य आणि साइझ भरा. नवी नोंद बनवून टेबलात बदललीत, तर आतला पॉइंटर कायमचा जुन्या, अपुऱ्या नोंदीकडे पाहत राहील आणि दोन पावलं पुढे गेल्यावर ‘असा सदस्य नाही’ अशी बुचकळ्यात पाडणारी एरर येईल. पॉइंटर नसून थेट नोडच आत ठेवला असेल तर साइझ −१ दिसते. तिथेच एरर द्या.

पायरी ५: प्रत्येक पदावलीला टाइप

आता सिंटॅक्स ट्रीच्या (पार्सरने प्रोग्रामचं केलेलं झाडासारखं रूप) प्रत्येक नोडला टाइप द्यायचा, पानांपासून वर. चलाचा टाइप टेबलातून, ‘*प’ चा टाइप म्हणजे ‘प’ च्या नोंदीतला मूळ टाइप, ‘&अ’ चा ‘अ’ चा पॉइंटर, तुलनेचा नेहमी इंट.

अ‍ॅरे हा इथला त्रासदायक पाहुणा. पदावलीत आला की तो पहिल्या घटकाचा पॉइंटर होतो, पण साइझऑफ आणि ‘&’ यांच्याखाली होत नाही. म्हणून अ‍ॅरेचं हे रूपांतर चलाच्या नोडवर करू नका. त्याला वापरणाऱ्या वरच्या नोडने करावं. ‘इंट अ[३]’ घेऊन तपासा: ‘अ + १’ ४ बाइट पुढे जातो, ‘&अ + १’ १२ बाइट पुढे जातो, आणि साइझऑफ अ १२ येतो. तिन्ही बरोबर आले तर हा भाग झाला.

पॉइंटरमध्ये पूर्णांक मिळवताना तो पूर्णांक मूळ टाइपच्या साइझने गुणायचा, पण त्याआधी तो लाँगमध्ये बदलायचा. हे मधलं पाऊल गाळलं तर धन आकड्यांवर सगळं सुरळीत चालतं आणि ‘प + ख’ मध्ये ख = −१ आला की प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने पडतो. कारण ३२-बिट −१ चं चिन्ह वरच्या ३२ बिटांत पसरलंच नाही. ६४-बिट रजिस्टरमध्ये तो ४२९४९६७२९५ झाला, त्याला ४ ने गुणलं, आणि पत्ता सुमारे १६ जीबी पुढे गेला. दोन पॉइंटरांच्या वजाबाकीत उलट: आधी बाइटांचं अंतर, मग साइझने भागाकार, आणि तो भागाकार साइन्ड.

पायरी ६: रूपांतरं, म्हणजे खरी गोम

एकच सल्ला सगळ्यांत आधी: लेखकाने न लिहिलेली रूपांतरंसुद्धा ट्रीमध्ये स्पष्ट कास्ट (टाइप बदलणं) नोड म्हणून घाला. कोड जनरेटरला ‘डावीकडे कॅर, उजवीकडे लाँग’ अशी जोडी कधी दिसताच कामा नये. हे पाळलंत तर जनरेटर लहान राहतो आणि चूक कुठे आहे ते ट्री छापून दिसतं. क्लँगला एएसटी-डंप हा पर्याय देऊन त्याची ट्री पाहा: त्याने स्वतःहून घातलेला प्रत्येक कास्ट तिथे नावासकट दिसतो. तुमच्या ट्रीशी ताडून पाहायला याहून चांगलं साधन नाही.

दोन पूर्णांकांवर क्रिया करताना नियम दोन टप्प्यांत लागतात. पहिला टप्पा: इंटहून लहान असलेला प्रत्येक ऑपरंड (क्रियेत भाग घेणारी किंमत) इंटमध्ये बदलायचा; याला प्रमोशन म्हणतात. त्यामुळे दोन कॅरांची बेरीज ४ बाइटची. दुसरा टप्पा, दोघे वेगळे असतील तर:

दोघे साइन्ड किंवा दोघे अनसाइन्ड असतील तर मोठ्या दर्जाचा टाइप (दर्जाचा चढता क्रम: इंट, लाँग, लाँग लाँग). अनसाइन्डचा दर्जा साइन्डइतका किंवा जास्त असेल तर अनसाइन्ड जिंकतो. साइन्ड टाइपमध्ये अनसाइन्डच्या सगळ्या किमती मावत असतील तर साइन्ड. एवढं करूनही ठरलं नाही तर साइन्ड टाइपचं अनसाइन्ड रूप.

आता हे नियम प्रत्यक्षात काय करतात ते पाहा. इंट −१ आणि अनसाइन्ड १ यांची तुलना: दुसरा नियम लागतो, −१ चा ४२९४९६७२९५ होतो, आणि ‘−१ < १’ हे खोटं ठरतं. लाँग −१ आणि अनसाइन्ड इंट १ घेतले तर लिनक्सवर लाँगमध्ये सगळं मावतं, म्हणून तुलना खरी. विंडोजवर लाँग ४ बाइटचा, सगळं मावत नाही, शेवटचा नियम लागतो, आणि तीच ओळ खोटी. म्हणून ‘मावतं का’ हे दर्जावरून नाही, पायरी १ च्या तक्त्यातल्या साइझवरून ठरवा.

पहिला टप्पा दिसायला निरुपद्रवी आहे, पण त्याच्याही पोटात काटा आहे. अनसाइन्ड शॉर्ट ६५५३५ ला स्वतःने गुणलं तर दोघे आधी साइन्ड इंट होतात. गुणाकार ४२९४८३६२२५, आणि इंटची मर्यादा २१४७४८३६४७. अनसाइन्ड लिहूनही साइन्ड ओव्हरफ्लो, म्हणजे अनडिफाइन्ड बिहेव्हियर (ज्याचा निकाल सीचे नियम ठरवत नाहीत). तुमच्या कंपायलरने इथे काही विशेष करायचं नाही. फक्त प्रमोशन अनसाइन्ड इंटमध्ये होत नाही ना, एवढं पाहायचं.

हे नियम सरसकट सगळीकडे लावले की ठराविक ठिकाणी फसगत होते. शिफ्टमध्ये दोन्ही बाजूंचं प्रमोशन वेगवेगळं होतं आणि उत्तराचा टाइप फक्त डाव्याचा. म्हणून इंट १ ला लाँग ४० ने सरकवलं तरी उत्तर इंटच, आणि ४० घरं सरकवणं अनडिफाइन्ड. ‘क += १’ मध्ये बेरीज इंटमध्ये होते आणि मग परत ‘क’ च्या टाइपमध्ये कास्ट; शिवाय ‘क’ चा पत्ता एकदाच काढायचा, नाहीतर डाव्या बाजूला फंक्शन कॉल असेल तर तो दोनदा होतो. प्रश्नचिन्ह-विसर्गाच्या (? :) पदावलीत दोन्ही फांद्या समान टाइपवर आणायच्या, चाललेली फांदी कोणतीही असो. आणि बूलमध्ये कास्ट म्हणजे खालचा बाइट ठेवणं नव्हे. ‘शून्य आहे की नाही’ हा प्रश्न आहे. २५६ चा खालचा बाइट ० असतो, पण त्याचा बूल १ यायला हवा.

आकडे थेट लिहिलेले असतात त्यांचाही टाइप असतो. दशमान आकडा, मागे काही अक्षर नसेल तर इंट, लाँग, लाँग लाँग या क्रमाने ज्यात पहिल्यांदा मावेल तो. −२१४७४८३६४८ हा इंटमध्ये मावतो, पण सीमध्ये ऋण आकडा नावाची चीजच नाही: आधी २१४७४८३६४८ वाचला जातो, तो इंटमध्ये मावत नाही म्हणून लाँग होतो, आणि मग त्याला वजा. लिनक्सवर त्याची साइझ ८. हेडर फाइलमध्ये इंटची सर्वात लहान किंमत ‘−२१४७४८३६४७ − १’ अशी आडवळणाने लिहितात ती यामुळे.

पायरी ७: कॅर आणि देवनागरी

कॅर साइन्ड की अनसाइन्ड, हे सीने कंपायलरवर सोडलं आहे. इंटेलवरच्या लिनक्समध्ये तो साइन्ड, एआरएमवरच्या लिनक्समध्ये अनसाइन्ड. साइन्ड असेल तर २०० ठेवलेला कॅर −५६ म्हणून परत वाचला जातो आणि ‘क == २००’ कधीच खरं होत नाही.

इंग्रजी लिहिणाऱ्याला हे वर्षानुवर्षं कळत नाही, कारण त्याचे सगळे बाइट १२८ च्या खाली. मराठी कॉमेंट किंवा स्ट्रिंग असलेली फाइल मात्र तुमच्या लेक्सरला (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) लगेच पकडते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, पहिला २२४. साइन्ड कॅरमध्ये तो −३२. लेक्सरमध्ये २५६ घरांचा तक्ता असेल आणि कॅरच थेट त्याचा इंडेक्स असेल, तर तक्त्याच्या ३२ घरं आधीची मेमरी वाचली जाते. वाचलेला कॅर इंडेक्स करण्यापूर्वी अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करा. अक्षर आहे का, अंक आहे का हे विचारणाऱ्या लायब्ररीतल्या फंक्शनांना देतानाही.

स्ट्रिंगची साइझ बाइटांत मोजायची हेही इथेच कळतं. ‘पुणे’ मध्ये प, उकार, ण, मात्रा अशी ४ चिन्हं, १२ बाइट, शेवटचं शून्य धरून साइझऑफ १३.

पायरी ८: सूचना निवडणं

आता टाइप कोडात उतरतो. दोनच्या पूरक पद्धतीमुळे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराचा खालचा अर्धा भाग साइन्ड-अनसाइन्ड दोघांना सारखाच. फरक पडतो तो भागाकार, उजवीकडची शिफ्ट, तुलना आणि लहान टाइप मोठा करणं, एवढ्यातच. एलएलव्हीएममध्ये (क्लँगच्या मागे कोड तयार करणारी यंत्रणा) तर हे उघडच दिसतं: तिथे ३२ बिटांचा पूर्णांक एवढाच टाइप आहे, त्याला चिन्ह नाही, चिन्ह असतं क्रियेला. २०२२ च्या एलएलव्हीएम १५ पासून पॉइंटर कशाचा आहे हेही त्या पातळीवर नोंदवलं जात नाही. ते जाणणं पुढच्या टोकाचं, म्हणजे तुमच्या नोंदवहीचं काम.

इंटेलवर साइन्ड भागाकाराला आयडिव्ह, अनसाइन्डला डिव्ह. आयडिव्हच्या आधी वरच्या रजिस्टरमध्ये चिन्ह पसरवायचं, डिव्हच्या आधी तेच रजिस्टर शून्य करायचं. अदलाबदल झाली तर उत्तर चुकतं किंवा भागाकार मावत नाही म्हणून प्रोग्राम पडतो, आणि लिनक्स त्याला ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ म्हणतो. प्रोग्राममध्ये एकही फ्लोट नसताना. कॅर मेमरीतून उचलताना साइन्डला मूव्हएसएक्स, अनसाइन्डला मूव्हझेडएक्स. ३२-बिट रजिस्टरमध्ये लिहिलं की वरचे ३२ बिट आपोआप शून्य होतात, म्हणून अनसाइन्ड इंट ते लाँग हे रूपांतर अनेकदा फुकट पडतं. इंट ते लाँग पडत नाही.

पायरी ९: फंक्शनच्या दाराशी

पॅरामीटरमधला अ‍ॅरे पॉइंटर होतो, आकडा लिहिला असला तरी. ‘इंट अ[१०]’ असा पॅरामीटर असेल तर आत साइझऑफ अ ८. हा बदल फंक्शनचा टाइप बनवतानाच करून टाका.

प्रिंटएफसारख्या कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनला देताना, ज्यांचे टाइप जाहीर नाहीत त्यांपैकी फ्लोटचा डबल आणि कॅर-शॉर्टचा इंट करायचा. शिवाय लिनक्सच्या ठरलेल्या पद्धतीनुसार किती व्हेक्टर रजिस्टर (फ्लोट-डबल ज्यांतून जातात ते) वापरले ते एएल रजिस्टरमध्ये ठेवावं लागतं. डबल दिला आणि एएलमध्ये ० राहिला, तर प्रिंटएफ भलताच आकडा छापतो.

जाहीर न केलेलं फंक्शन आलं तर सरळ एरर द्या. जुन्या सीमध्ये ते इंट परत देतं असं धरत. ६४-बिट यंत्रावर हेडर विसरून मॅलॉक वापरला की ८ बाइटच्या पत्त्यातले ४ बाइट गळायचे. सी-९९ ने हे काढून टाकलं, तरी जीसीसी बरीच वर्षं नुसती वॉर्निंग देत राहिला. जीसीसी १४ पासून मात्र ती एरर आहे.

पायरी १०: तपासणी

खालच्या ओळी तुमच्या कंपायलरला द्या. लिनक्सच्या ६४-बिट यंत्रावरची अपेक्षित उत्तरं सोबत आहेत. ‘क’ हा कॅर आहे.

साइझऑफ क → १
साइझऑफ (क + क) → ४
साइझऑफ (१ ? क : क) → ४
एकेरी अवतरणातल्या एका रोमन अक्षराची साइझ → ४ (सी प्लस प्लसमध्ये १)
साइझऑफ (साइझऑफ इंट) → ८
साइझऑफ इंट > −१ → ०
साइझऑफ −२१४७४८३६४८ → ८
−१ / २ → ०, आणि −१ >> १ → −१
अनसाइन्ड −१ / २ → २१४७४८३६४७

सहावी ओळ १ आली तर साइझऑफचं उत्तर तुम्ही साइन्ड ठेवलं आहे. आठवीत भागाकार शून्याऐवजी −१ आला तर भागाकाराच्या जागी शिफ्ट वापरली आहे. शेवटच्या ओळीत ० आला तर अनसाइन्डची खूण कास्ट नोडपर्यंत पोहोचलीच नाही.

बिटफील्ड, व्हेरिएबल लेंग्थ अ‍ॅरे आणि स्ट्रक्ट थेट आर्ग्युमेंट म्हणून देणं या गोष्टी या टप्प्यावर बाजूला ठेवा. तिसऱ्यासाठी १६ बाइटपर्यंतचा स्ट्रक्ट ८-८ बाइटांच्या तुकड्यांत पाडून, कोणता तुकडा साध्या आणि कोणता व्हेक्टर रजिस्टरमध्ये जाईल हे सदस्यांच्या टाइपवरून ठरवावं लागतं. तोवर पायरी ४ मधली मांडणी अचूक झालेली असली पाहिजे.